एम.ई. (स्ट्रक्चर्स): आठ महिने वापरून झाल्यावर

ऑगस्टमध्ये एम.ई.ला, म्हणजे सिव्हिल इंजिनिअरिंगच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीला, प्रवेश घेतला, आता एप्रिल संपत आलाय. ‘एम.ई. करू का नोकरी धरू?’ हे विचारायला दांडिया बाजारातली चार पोरं तरी माझ्याकडे येऊन गेली, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. कॉलेजचं नाव सांगत नाही. कलाभवन नाही, एवढंच. बडोद्यात इंजिनिअरिंग म्हटलं की सयाजीरावांनी १८९० साली काढलेल्या कलाभवनाचंच नाव आधी निघतं, आणि आमचे आजोबा तिथले. त्यामुळे घरी माझं कॉलेज अजून ‘ते दुसरं’ आहे.

पैशाचं आधी. गेट (एम.ई.च्या प्रवेशासाठीची देशपातळीवरची परीक्षा) पास असाल तर एआयसीटीईची, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची, शिष्यवृत्ती महिन्याला १२,४०० रुपये, जास्तीत जास्त २४ महिने. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो, त्यामुळे एखादं वर्ष नोकरी करून आलात तरी बिघडत नाही. माझी पहिली रक्कम अडकली ती माझ्याच आळसाने, बँक खात्याला आधार जोडलेलं नव्हतं. तोवर सेवउसळीचे पैसेसुद्धा आईकडून.

अभ्यास पहिल्या सेमिस्टरला अंगावर आला. बी.ई.ला ईटॅब्स नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये बटण दाबलं की बेंडिंग मोमेंटचा (भार बीमला कुठे किती वाकवतो त्याचा) आलेख समोर यायचा आणि आम्ही तो छापून फाइलला लावायचो. इथे फायनाइट एलिमेंट (सांगाडा छोट्या तुकड्यांत मोडून गणिताने सोडवायची पद्धत) शिकवणाऱ्या सरांनी दोन गाळ्यांचा साधा बीम दिला आणि स्टिफनेस मॅट्रिक्स (बीमच्या ताठरपणाचं आकड्यांचं कोष्टक) स्वतः मांडून पायथनमध्ये सोडवायला सांगितलं. माझा बीम भार टाकला की वर उचलला जायचा! दोन रात्री मॅट्रिक्स तपासत बसलो आणि चूक निघाली भाराच्या चिन्हात. त्या दोन रात्रींत जेवढं कळलं तेवढं बी.ई.च्या चार वर्षांत कळलं नव्हतं, हे लिहिताना जरा लाजच वाटते.

पण खरी वसुली लॅबमध्ये. माझा विषय वणाकबोरीच्या वीजकेंद्रातल्या फ्लाय ॲशचा, म्हणजे कोळशाच्या बारीक राखेचा: एम२५ प्रतीच्या काँक्रीटमध्ये २० टक्के सिमेंटच्या जागी राख. त्याचे क्यूब भरायचे, पाण्याच्या टाकीत ठेवायचे आणि ठरल्या दिवशी मशीनमध्ये दाबून फोडायचे, किती भार झेलतात ते बघायला. १५० मिलिमीटरचा एक क्यूब आठेक किलोचा. नऊ क्यूब टाकीतून काढून मशीनपर्यंत न्या, मग बोला. सात दिवसांचे पहिले दोन ४४० आणि ४५५ किलोन्यूटनला फुटले, तिसरा ३३० लाच. सरासरीपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त फरक, म्हणजे सगळा संच बाद. मी सिमेंटला शिव्या घालत होतो. लॅबमधले काका तुकडे झाडूने गोळा करता करता म्हणाले, “अरे भाई, थापी मारलेली बाजू वर ठेवलीस तू. साच्याला लागलेल्या बाजू वर-खाली घ्यायच्या असतात.” थापीची बाजू खडबडीत, भार सगळीकडे सारखा बसत नाही. पुस्तकात होतंच की! मी परीक्षेत लिहिलंही होतं.

वेळेचा हिशेब मात्र कोणी आधी सांगत नाही. फ्लाय ॲशचं काँक्रीट सुरुवातीला सुस्त असतं, त्याची ताकद उशिरा वाढते. नेहमीसारखं २८ दिवसांवर थांबलात तर राख वाईट ठरवून मोकळे व्हाल. ५६ आणि ९० दिवसांचेही क्यूब फोडावे लागतात. थिसिस सबमिशनच्या तारखेतून तीन महिने मागे मोजा, आणि एक संच बाद होणार हे धरून चाला. शेवटच्या सेमिस्टरला क्यूब भरणारे सीनियर आता गाइडच्या दाराबाहेर उभे असतात.

नोकरी मिळाली नाही म्हणून दोन वर्षं ढकलायला येणार असाल तर नका येऊ. इथे कोणी हाताला धरून बसवत नाही. तसे आमच्या वर्गात पाच जण आहेत, दिवाळीनंतर फारसे दिसले नाहीत. एखादी गोष्ट अशीच का वागते ते खणून काढायची खाज असेल तर या.

माझा नवा संच २३ एप्रिलला भरला. ९० दिवसांचे क्यूब २२ जुलैला. तोवर रोज टाकीत पाणी बघायला जायचं, या उन्हात ते भराभर उडतंय.