मोडीवाचन, जुनं नाशिक : उशीर लावतात, पण समासही वाचतात

लेकीच्या जात पडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागत होता. वडिलांच्या दाखल्यावर नेमकी जातीच्या रकान्यातली शाई पसरलेली. मग जावं लागलं आजोबांपर्यंत. आजोबा नगरपालिकेच्या शाळेतले, भांडी बाजारापासून हाकेच्या अंतरावर. शाळेनं जनरल रजिस्टर काढून पानाची प्रत दिली, पण नोंद मोडी लिपीत. मुख्याध्यापक बाई म्हणाल्या, "दादा, आम्हाला वाचता आलं असतं तर आम्हीच नसतं का लिहून दिलं?" आणि एका मोडीवाल्या काकांचा नंबर दिला.

काका रविवार कारंजाजवळच्या वाड्यात बसतात. पाटी नाही, जिना अंधारा, दुसरा मजला. एका नोंदीचे ३०० रुपये. पुराभिलेख खात्याच्या मोडी प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलंय, ते आधी बघून घ्या. कुणाच्याही वाचनावर पडताळणीत भागत नाही. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती बसली, तेव्हापासून त्यांच्याकडे रीघ आहे. मला तीन दिवस सांगितले, अकरा लागले. दुपारी एक ते चार फोन उचलत नाहीत. मोबाइलवरून पैसे घेत नाहीत, पावती मागितली तर वहीचं पान फाडून देतात. पाचातली एक चांदणी तिथेच गेली.

पण वाचताना बघण्यासारखा माणूस! रजिस्टरचे छापील रकाने बाळबोध, म्हणजे आपली देवनागरी, आतला मजकूर मोडी. आधी पानभर रेघ ओढायची, मग तिला अक्षरं टांगत जायचं. शब्दांत जागा नाही, ऱ्हस्वदीर्घाची भानगड नाही. काका भिंग धरून आधी पुटपुटतात, मग मोठ्यानं वाचतात. त्या पानावर नऊ मुलं होती, त्यातली पाच एक जूनला जन्मलेली. मी चक्रावलो. काका हसले, "अहो, गुरुजी जन्मतारीख विचारतच नव्हते, वय विचारत होते. शाळा जूनला सुरू, मग पोरगंही जूनचंच."

एकदा बोलायला लागले की घड्याळ बघायचं नाही. नाशिकची नगरपालिका १८६४ ची. प्राथमिक शाळा चालवण्याचं काम नगरपालिकांच्या गळ्यात पडलं ते १८८४ च्या कायद्यानं. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांचा कायदा आला, त्यानं शिक्षण सक्तीचं करायची मुभा मिळाली. "मुभा म्हणजे खर्च करायची मुभा," काका म्हणाले, "पैसा होता कुठे?" मग १९४७ चा प्राथमिक शिक्षण कायदा. १९८२ ला महापालिका झाली आणि त्याच इमारतीवर 'मनपा शाळा' अशी पाटी चढली. बाईंनी रजिस्टरं दाखवली होती तेव्हा मीही पाहिलं होतं : शिक्का बदलत गेलाय, कपाट तेच.

आता आमची नोंद. आमचे आजोबा व्हर्नाक्युलर फायनल पास, म्हणजे सातवी, हे वडील प्रत्येक लग्नकार्यात सांगत आलेत. 'फायनल झाल्यावर मास्तरकी चालून आली होती, पण धंदा सोडवेना' हे त्यापुढचं ठरलेलं वाक्य. काकांनी रकाना वाचला : इयत्ता तिसरी. सोडण्याचं कारण, 'धंद्यास लागला'. साल १९३६. म्हणजे नऊ वर्षांचा पोरगा तांब्याच्या भांड्यांवर ठोके मारायला बसला होता. मी काही बोललो नाही. काकांनीही भिंग पुसत बसायचं काम काढलं.

जात, जन्मगाव, तारीख, सगळं स्वच्छ निघालं. लिप्यंतर, खाली सही, प्रमाणपत्राचा क्रमांक. पडताळणी कार्यालयात एका फेरीत कागद घेतला गेला. कामापुरतं एवढं पुरे होतं. पण डाव्या समासात बारीक अक्षरात आणखी काहीतरी होतं, ते काकांनी न मागता वाचलं आणि वेगळ्या कागदावर लिहून दिलं. त्याचे पैसे घेतले नाहीत. म्हणून गेलेली चांदणी परत देतो. पाचपैकी पाच.

कागदावर एवढंच : 'फी बाकी, महिने २'.

घरी येऊन वडिलांच्या हातात दिला. तिसरीचंही सांगून टाकलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि म्हणाले, "मग भरून टाकायची का उद्या?"