एमजीबीचा पत्रा सडलाय: थिगळ, नवी पॅनेल की अख्खं नवं शेल?

स्क्रूड्रायव्हर आत गेला तेव्हा आवाजसुद्धा आला नाही. एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. तिच्या दारामागे, मागच्या चाकाच्या पुढे पत्रा खाली उतरताना जिथे वळतो, त्या भागाला इथे इंग्लंडात ‘डॉगलेग’ म्हणतात. माझ्या १९७२ च्या रोडस्टरवर तिथला लाल रंग मस्त चकाकत होता. जरा दाबून पाहावं म्हटलं, तर पातं मुठीपर्यंत आत. बाहेर काढलं तर टोकाला ओल्या तंबाखूसारखा तपकिरी चुरा. पुट्टी खरवडली तेव्हा खाली फायबरग्लास निघालं, त्याखाली ॲल्युमिनियमची जाळी आणि जाळीमागे पोकळी. आधीच्या कुणा मालकाने गाडी दुरुस्त नव्हती केली, नुसती सजवून विकली होती.

तुमच्याकडे अशी गाडी असेल, किंवा घ्यायचा विचार असेल, तर समोर तीन रस्ते असतात. भोकं पडली तेवढ्यावर थिगळ मारायचं, सडलेली पॅनेल मुळापासून कापून नवी बसवायची, किंवा जुना सांगाडा बाजूला ठेवून नवं बॉडीशेल आणायचं. यातला दुसरा मी स्वतः केलाय. तिसरा एका मित्राच्या गॅरेजात वर्षभर जवळून पाहिलाय. पहिला माझ्यावर कुणीतरी करून गेलंय.

आधी गाडीची रचना नीट समजून घ्या, कारण निर्णय तिथेच होतो. हिच्या आधीच्या एमजीएला खाली स्वतंत्र चॅसी होती. १९६२ साली आलेल्या एमजीबीला ती नाही, पत्रा हाच सांगाडा. त्यात रोडस्टरला छप्पर नाही, त्यामुळे गाडी मधून वाकू न देण्याचं बरंचसं काम दाराखालच्या सिलवर येतं. बाहेरून सिल एकच पट्टी दिसते. आत मात्र ती पेटी असते: बाहेरचा पत्रा, मधला उभा पडदा, आतली बाजू आणि फरशीखालून जाणारी कॅसल रेल. सगळं मिळून ताकद. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल विंगच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) मागच्या कोपऱ्यात साठतो, त्यात हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ मिसळतं आणि ही पेटी आतून कुजायला लागते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून दोन पत्र्यांच्या जोडात तो फुगून जोड उसवतो. कोकणातल्या पत्र्याच्या छपराचं असतं तेच. वरून फोड दिसायला लागले की खाली चाळण झालेली असते.

थिगळाबद्दल फार बोलायला नको. चाकावरची कमान, बूटच्या (डिकीच्या) फरशीचा कोपरा, बॅटरीच्या पेटीचा तळ अशा ठिकाणी सडलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून बेताचा तुकडा जोडला तर ती सन्मानाची दुरुस्ती आहे. (१९७४ पर्यंत या गाड्यांना सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत. कुणी फारसं तिकडे डोकावत नसे, आणि ॲसिड आपलं काम करत असे.) पण सिलवर थिगळ नको. बाजारात ‘कव्हर सिल’ मिळतात, जुन्या सडक्या सिलवर टोपीसारख्या चढवून वेल्ड करायच्या. स्वस्त, झटपट, आणि आतला गंज तसाच बंद डब्यात राहतो. माझ्या गाडीच्या डाव्या बाजूला नेमकं हेच होतं. ग्राइंडरने वरची सिल उघडली तर आत अजून एक सिल, गंजाचे पापुद्रे झालेली.

खरी निवड दुसऱ्या आणि तिसऱ्या रस्त्यातच आहे.

पॅनेल बदलण्याच्या बाजूने सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे एमजीबीचा जवळजवळ प्रत्येक पत्रा आजही नवा मिळतो. पाच लाखांहून जास्त गाड्या झाल्या, त्यामुळे मागणी टिकून आहे. पुढचे विंग बोल्टवर आहेत, तेवढीच दया. बाकीचं वेल्डिंगचं काम, आणि इथेच लोक शॉर्टकट घेतात. सिल पुढे विंगच्या आत आणि मागे रिअर विंगच्या आत जाते. ती पूर्ण बदलायची तर पुढचा विंग काढायला हवा आणि मागच्या विंगचा खालचा भाग कापायला हवा. तेवढं टाळायला काही जण दारापुरतीच दिसणारी सिल बदलतात. वर नवी कोरी, दोन्ही टोकांना सडलेली. गॅरेजला काम देणार असाल तर पहिला प्रश्न हाच विचारा: ‘पुढचा विंग काढणार का?’ उत्तर ‘गरज पडली तर’ असं आलं, तर दुसरं गॅरेज बघा.

कामाचा क्रम चुकला तर गाडी वाकते. सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत चौकोनी पाइप आडवा टॅक करून (वेल्डचे तात्पुरते टाके मारून) ती पक्की बांधतात. गाडीचा भार सस्पेन्शनवर ठेवतात, सिलखाली स्टँड लावत नाहीत. एका वेळी एकच बाजू, आणि मधेमधे दार लावून फट तपासायची. मी पहिल्यांदा टॅक मारून दार लावलं तेव्हा वरच्या बाजूला फट बोटभर बंद झाली होती. सगळे टाके ड्रिलने काढले आणि पुन्हा बसलो. पत्रा मिलिमीटरच्या आसपास जाडीचा, त्यावर मिग वेल्डरने सलग ओढत गेलात तर तो पापडासारखा वळतो. एक टाका इथे, पुढचा हातभर लांब, मग परत इकडे. कारखान्यात स्पॉट वेल्ड होता तिथे वरच्या पत्र्याला भोक पाडून ते भरायचं. वेल्डिंगआधी पेट्रोलची टाकी बाहेर काढायची आणि खालून जाणारी इंधनाची नळी वाचवायची, हे मी सांगायला नको, तरी सांगतो.

एका बाजूला माझे सात शनिवार-रविवार गेले. दुसऱ्या बाजूला चार, कारण तोवर हात बसला होता.

जोड लपवण्याच्या दोन पद्धती आहेत: पुट्टी किंवा शिसं. जुन्या कारागिरांची पद्धत शिशाची. आधी पत्र्याला कथलाची कल्हई, मग गॅसच्या ज्योतीवर मऊ झालेलं शिसं लाकडी पट्टीने दाबत बसवायचं. आपल्याकडे तांब्याच्या भांड्याला कल्हई लावणारा पाहिला असेल, त्याच जातीचं कौशल्य. मला जमलं नाही. मी वेल्ड घासून इपॉक्सी प्रायमर मारला आणि वर पातळ पुट्टी लावली. पुट्टी वाईट नसते, तिच्या खाली काय आहे ते वाईट असतं.

आता नवं शेल. ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीने पत्रा दाबून आकार देणारे जुने साचे, म्हणजे प्रेस-टूल्स, शोधून, जमवून १९८८ मध्ये एमजीबीचं अख्खं बॉडीशेल पुन्हा बनवायला घेतलं, म्हणजे एमजीबी जिथे बनायची तो अ‍ॅबिंग्डनचा कारखाना बंद झाल्यावर आठ वर्षांनी. पुढे एमजीची मालक असलेल्या रोव्हर कंपनीने त्याच शेलवर एमजी आरव्ही८ ही गाडी काढली, सुमारे दोन हजार, आणि त्यातल्या बहुतेक जपानला गेल्या. त्यामुळे शेलच्या दर्जाबद्दल शंका नको. सिल, कॅसल रेल, स्प्रिंग सांगाड्याला जिथे अडकते ते हँगर, सगळं नवं आणि सरळ. दाराची फट बंद होण्याची रात्रीची धास्ती नाही.

मग सगळे तेच का घेत नाहीत? शेलची किंमत रंगाचा एक थेंब लागायच्या आधीच चांगल्या चालत्या एमजीबीच्या बाजारभावाच्या घरात जाते, म्हणून. शिवाय शेल आलं की गाडी आली असं नाही. मित्राच्या गॅरेजात मी पाहिलं: वायरिंगचा जुडगा, ब्रेकच्या नळ्या, हीटर, काच, प्रत्येक गोष्ट जुन्यातून काढून नव्यात घालायची. काढताना निम्मे बोल्ट तुटतात. नव्या शेलवरही दारं आणि बूटचं झाकण जुळवायला त्याचे दोन आठवडे गेले. त्याला वाटलं होतं सहा महिने, लागलं एक वर्ष. तरी मला सिलवर जेवढं लागलं त्यापेक्षा त्याचं डोकं शांत होतं, हे मान्य.

माझं मत सांगायचं तर, वेल्डिंग कोण करणार यावर सगळं ठरतं. पॅनेलचं बिल मोठं होतं ते पत्र्यामुळे नाही, तासांमुळे. तुम्ही स्वतः करणार असाल, गॅरेज कोरडं असेल आणि घरचे रागावणार नसतील, तर पॅनेल. तासाने पैसे मोजून करून घेणार असाल आणि दोन्ही सिल, कॅसल रेल, स्प्रिंगचे पुढचे हँगर, दारापुढच्या खांबाचा तळ असं सगळंच गेलं असेल, तर बेरीज करून बघा. अशा वेळी शेल महाग वाटत नाही. एकच बाजू गेली असेल आणि हँगर ठणठणीत असतील, तर शेलचा विचार सोडून द्या.

याला एक अपवाद आहे. १९६५ पर्यंतच्या, दाराला ओढायचं हँडल असलेल्या सुरुवातीच्या रोडस्टर. त्यांचा मूळ सांगाडा हीच त्यांची किंमत, तिथे तासांचा हिशोब करू नये. आणि शेल घ्यायचंच ठरलं, तर ऑर्डर देण्याआधी नोंदणी खात्याकडून गाडीची ओळख आणि नंबर टिकेल ना, हे लेखी विचारून घ्या. नंतर विचारण्यात अर्थ नाही. चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना २०१८ पासून वार्षिक एमओटी (गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याची तपासणी) सक्तीची नाही, म्हणून काही जण गंजाकडे डोळेझाक करतात. गाडी रस्त्यावर सुरक्षित ठेवायची जबाबदारी मात्र तुमच्यावरच राहते. मी दरवर्षी स्वखुशीने एमओटी करून घेतो. तपासनीस खालून हातोडीने टकटक करतो तेव्हा पोटात गोळा येतो, पण त्या आवाजावरूनच कळतं.

हँडब्रेक ओढून घाईत पाच मिनिटांत गाडी बघायची असेल, तर मॅग्नेट, टॉर्च आणि जुनी चटई घ्या. मॅग्नेट डॉगलेगवर आणि सिलच्या पुढच्या टोकाला लावा. चटईवर आडवे पडून टॉर्च कॅसल रेलवर मारा आणि मागच्या स्प्रिंगच्या पुढच्या टोकाशी थांबा. तिथे जाड काळं अंडरसील (गंजू नये म्हणून खालून मारतात तो लेप) ताजं दिसलं, तर विक्रेत्याला ते थोडं खरवडू का म्हणून विचारा. त्याने ‘नको’ म्हटलं, तर चटई गुंडाळा.