नमुना मुरमाचा, गाडीत काळी माती

न भाजता, दाबून केलेल्या सिमेंट-मातीच्या विटा घेताना सोलापूर भागात फसगत कशी होते, ते या व्यवहारावरून कळेल. दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका घरासाठी 4,000 विटा मागवल्या होत्या. नमुन्याच्या तीन विटा उत्तम होत्या. गाडीतला मालही वाजवल्यावर खणखणीत वाटला आणि तिथेच पैसे चुकते झाले. पहिल्याच वळवात भिंतीच्या कडा ओघळल्या. वीट फोडली तर वरून गेरूचा हात, आत काळी माती!

वाळलेली काळी माती दगडासारखीच लागते, त्यामुळे आवाजावरून काहीच कळत नाही. काळी पिकायला आणि पांढरी राहायला, ही वाटणी गावांनी उगाच केलेली नाही. काळीतली चिकणमाती पाण्याने फुगते, वाळली की आकसते. सिमेंट वाळूचे कण बांधतं, ही फूग त्याला आवरत नाही. मिश्रणात वाळू, कच, बारीक खडी मिळून दोन तृतीयांशाच्या आसपास आणि चिकणमाती 10 ते 15 टक्केच हवी. चाळलेला मुरूम त्यासाठी बरा.

मारलं होतं सिमेंटही. 230 × 190 × 100 मिलिमीटरची वीट साधारण साडेआठ किलोची. 8 टक्के सिमेंट धरलं तर 50 किलोच्या पोत्यात 75 ते 80 विटा होतात, म्हणजे 4,000 विटांना पन्नासेक पोती. इथे लागली होती 20. टक्केवारी कुणीही सांगतो, तुम्ही पोती मोजा. शिवाय विटा ओल्या गोणपाटाखाली निदान 21 दिवस राहायला हव्यात. इथल्या उन्हात उघडी थप्पी दुपारपर्यंत कोरडी पडते आणि सिमेंटचं काम अर्ध्यात थांबतं.

मातीची परीक्षा ऑर्डरआधीच करा. 60 सेंटिमीटर लांब, 4 रुंद, 4 खोल लाकडी साच्याला आतून तेल लावून ओली माती ठासा आणि सावलीत पूर्ण वाळू द्या. पट्टी 5 सेंटिमीटरहून जास्त आखडली तर ती माती नकोच.

माल आला की थप्पीच्या आतल्या पाच विटा स्वतः काढा, वजन करा, 24 तास पाण्यात बुडवा. कडा बोटाने खरवडल्या जाता कामा नयेत आणि साडेआठ किलोच्या विटेने सव्वा किलोपेक्षा जास्त पाणी पिऊ नये. तोवर गाडी पूर्ण उतरवून घेऊ नका, उरलेली रक्कमही देऊ नका.