नगरपरिषदेचं नवं संकेतस्थळ: विभागवार, प्रसंगवार की कुटुंबवार?

नगरपरिषदेचं संकेतस्थळ नव्याने करायचं ठरलं की पहिली बैठक रंगसंगती आणि पहिल्या पानावर कुणाकुणाचे फोटो घ्यायचे यातच जाते. दुसऱ्या बैठकीला प्रत्येक विभागप्रमुख आपापल्या सेवांची यादी आणतो, कंत्राटदार त्या याद्या एकाखाली एक लावतो आणि मांडणी ठरून जाते. ती कुणी विचार करून ठरवलेली नसते, इतकंच. मुख्याधिकारी, नगरसेवक आणि निविदेचा मसुदा करणारे अभियंते यांनी या दोन बैठकांच्या मधल्या दिवसांत वाचावा म्हणून हा आढावा.

पर्याय तीन आहेत. सेवा विभागानुसार लावायच्या, माणसाच्या आयुष्यातल्या प्रसंगानुसार लावायच्या, किंवा कुटुंबाची एकच नोंद ठेवून, अर्जाची वाट न पाहता सरकारनेच पुढे यायचं. तिन्हींना एकच कसोटी लावून पाहू: तालुक्याच्या गावात घरातला कर्ता पुरुष वारला आहे आणि कागदपत्रांचं सगळं त्याच्या पत्नीला करायचं आहे.

तिच्यापुढची कामं मोजून बघा. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत नगरपरिषदेच्या आरोग्य विभागातल्या निबंधकाकडे. घरपट्टीला वारसांची नावं लावायची ती करनिर्धारण विभागात, नळजोडणीचं नाव बदलायचं ते पाणीपुरवठा विभागात. शिधापत्रिकेतून नाव कमी करायला तहसीलचा पुरवठा विभाग. गावाकडे शेती असेल तर सातबाऱ्यावर वारस नोंद, म्हणजे तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. घराच्या मिळकत पत्रिकेसाठी भूमी अभिलेख. शिवाय वीजमीटर, बँक, आधार. यातली पहिली तीन कामं एकाच इमारतीतली. तरीही करनिर्धारण विभाग तिच्याकडे मृत्यूच्या दाखल्याची प्रत मागतो, आणि तो दाखला निघालेला असतो त्याच जिन्याच्या पलीकडच्या टेबलावरून.

विभागवार मांडणी

राज्याचं आपले सरकार पोर्टल याच पद्धतीचं आहे. आधी विभाग निवडा, मग उपविभाग, मग सेवा. उत्पन्नाचा दाखला महसूल खात्याकडे असतो हे ज्याला माहीत आहे त्याला तो सापडतो. या मांडणीला नावं ठेवणं सोपं आहे, पण तिच्यामागे कायदा आहे आणि तो चांगला आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या सेवा अधिसूचित करायच्या आणि प्रत्येक सेवेपुढे मुदत, पदनिर्देशित अधिकारी, पहिलं आणि दुसरं अपिलीय प्राधिकारी यांची नावं लावायची. मुदत टळली की अपील, तिथेही निकाल पटला नाही तर राज्य सेवा हक्क आयोग. कसूर करणाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. वारसाहक्काने मालमत्ता हस्तांतरणाची नोंद ही नगरविकास विभागाची अधिसूचित सेवा आहे. ती रखडली तर कुणाला जाब विचारायचा हे त्या बाईला कागदावर दाखवता येतं. हे छोटं काम नव्हे. बाकीच्या दोन्ही मांडण्या याच जागी घसरतात.

विभागवार यादीची खरी उणीव वेगळी आहे. माणूस जे मागायला आला तेच ती दाखवते. जे मागायचं त्याला सुचलंच नाही, ते दाखवत नाही. आपल्या उदाहरणातलं कुटुंब दारिद्र्यरेषेखालचं असेल आणि गेलेला कमावता माणूस १८ ते ५९ वयाचा असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २०,००० रुपये मिळतात. वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असेल तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेत विधवेला दरमहा १,५०० रुपये. त्याच्या बँक खात्यातून वर्षाला ४३६ रुपये कापले जात असतील, तर तो जीवनज्योती विम्याचा हप्ता असतो आणि बँकेकडे २ लाखांचा दावा करता येतो. पासबुकातली ती नोंद बघायला तिला कुणी सांगितलेलं नसतं. नगरपरिषदेच्या कुठल्याच विभागाची ही सेवा नाही, म्हणून विभागवार संकेतस्थळावर यातलं एक अक्षरही येणार नाही. आणि मृत्यू नोंदवायला ती सर्वांत आधी येते ती नेमकी नगरपरिषदेतच.

प्रसंगवार मांडणी

इथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने विकल्या जातात. सादरीकरण बघताना त्या वेगळ्या करून घ्या.

पहिली म्हणजे माहितीचं पान. ‘घरात मृत्यू झाला’ असं बटण, त्याखाली करायच्या कामांची यादी आणि दुवे. स्वस्त आहे, महिन्या-दोन महिन्यांत होतं आणि वर सांगितलेली न सुचणाऱ्या गोष्टींची अडचण बऱ्यापैकी सोडवतं. पण काम तितकंच उरतं. हेलपाटे कमी होत नाहीत, फक्त कुठे घालायचे ते आधी कळतं. शिवाय असं पान लवकर शिळं होतं. योजनेची रक्कम वाढते, अर्जाचा नमुना बदलतो, आणि पान कुठल्याच विभागाचं नसल्यामुळे ते दुरुस्त करणं कुणाचंच काम नसतं.

दुसरी गोष्ट म्हणजे एकदाच कळवायची सोय. ब्रिटनमध्ये २०११ पासून देशभर ‘टेल अस वन्स’ नावाची सेवा चालते. मृत्यू नोंदवताना निबंधक कुटुंबाला एक संदर्भ क्रमांक देतो. तो घेऊन फोनवर किंवा ऑनलाइन एकदा माहिती दिली की करखातं, निवृत्तिवेतन विभाग, पासपोर्ट कार्यालय, वाहन परवाना कार्यालय आणि स्थानिक परिषद यांना ती पोहोचते. पहिल्या दिवसापासून त्यांनी एक गोष्ट नीट ओळखली: बहुतेक कुटुंबं निबंधकाकडे येतातच, तेव्हा सोय तिथेच बांधायची. मर्यादाही स्पष्ट आहेत. बँका आणि विमा कंपन्या त्यात नाहीत, उत्तर आयर्लंड नाही. सिंगापूरने २०१८ मध्ये बाळाच्या जन्मापासून सुरुवात केली, जन्मनोंदणी आणि बाळासाठीच्या अनुदानाचा अर्ज एकाच ॲपमध्ये आणला. एक प्रसंग नीट झाल्यावर पुढचे जोडत गेले. आपल्याकडच्या निविदांमध्ये पहिल्याच टप्प्यात चोवीस प्रसंग असतात आणि एकही पुरा होत नाही.

आपल्याकडे असं काही कायद्यात बसत नाही, अशी शंका बैठकीत हमखास निघेल. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यातली दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. त्यानुसार जन्म-मृत्यूंचा राष्ट्रीय डेटाबेस मतदारयादी, आधार, शिधापत्रिका, पासपोर्ट, वाहन परवाना, मालमत्ता नोंदणी अशा कामांसाठी संबंधित प्राधिकरणांना देता येतो. वरच्या पातळीवर हे सुरूही झालं आहे. महानिबंधकांकडून आलेल्या मृत्यूच्या नोंदींवरून सुमारे १ कोटी १७ लाख आधार क्रमांक बंद केल्याचं जुलै २०२५ मध्ये जाहीर झालं.

याच्या उलट चित्र सातबाऱ्याचं. २०२५ मध्ये महसूल खात्याने ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली, आधी बुलढाणा जिल्ह्यात, मग राज्यभर. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावण्यासाठी गावोगाव याद्या केल्या. मोहीम चांगलीच होती. पण माणूस गेल्याचं एका दप्तरात कित्येक वर्षं नोंदलेलं असताना दुसऱ्या दप्तराला ते समजावं म्हणून मोहीम काढावी लागते, यावरून विभागवार मांडणीची किंमत किती ते कळतं.

प्रसंगवार सेवेत एक धोका असतो आणि कंत्राटदार तो सांगत नाही. पाच सेवांचा एक अर्ज केला की मुदत कुणाची धरायची? नागरिकाला ‘प्रक्रिया सुरू आहे’ असा एकच शेरा दिसतो, पाचांपैकी अडलं कुठे ते कळत नाही आणि अपिलाचा रस्ता बंद होतो. म्हणून पुढे अर्ज एक असला तरी मागे पाच वेगळे अर्ज क्रमांक, पाच मुदती आणि पाच अधिकारी तसेच राहिले पाहिजेत, आणि ते तिला दिसले पाहिजेत.

कुटुंबवार, अर्जाविना

तिसरा पर्याय सर्वांत आकर्षक वाटतो. हरियाणाने परिवार पहचान पत्र आणलं, २०२१ मध्ये त्यासाठी कायदाही केला. कुटुंबाचं उत्पन्न, वय, सदस्य सगळं एका क्रमांकाखाली. साठी पूर्ण झाली की वृद्धापकाळ पेन्शन अर्जाशिवाय सुरू व्हावी, अशी योजना. एस्टोनियात २०१९ पासून बाळाचा जन्म नोंदला की सामाजिक विमा मंडळ स्वतःच पालकांना देय भत्त्यांचा प्रस्ताव पाठवतं. पालकांनी फक्त संमती द्यायची. मात्र एस्टोनियाने विभागांना जोडणारी एक्स-रोड यंत्रणा २००१ पासून चालवली होती, आणि त्या देशाची लोकसंख्या तेरा-चौदा लाखांच्या घरात आहे.

हरियाणाच्या बाबतीत दुसरी बाजूही पाहावी लागते. नोंद चुकली की चूकही सगळ्या खात्यांत आपोआप पोहोचते. २०२२ मध्ये रोहतकला शंभरी ओलांडलेल्या एका आजोबांनी रथात बसून, वाजतगाजत स्वतःची वरात काढली; सरकारी नोंदीत ते मयत असल्याने पेन्शन बंद झाली होती आणि आपण जिवंत आहोत हे दाखवण्याचा त्यांना दुसरा मार्ग उरला नव्हता. विभागवार मांडणीत अशी चूक झाली असती तर एका खात्यापुरती राहिली असती. एस्टोनियाच्या पद्धतीत पालकांची संमती मध्ये आहे, ती यासाठीच.

नगरपरिषदेच्या हातात हा पर्याय तसाही नाही. उत्पन्न, शेती, शिधापत्रिका यांच्या नोंदी राज्याच्या. कंत्राटदार ‘फॅमिली आयडी मॉड्यूल’ दाखवत असेल, तर त्यात माहिती कुठून येणार एवढं विचारा. घरोघरी सर्वेक्षण असं उत्तर आलं तर तो खर्च वेगळा धरा. एकदा केलेलं सर्वेक्षण वर्षभरात जुनं होतं.

समोरासमोर ठेवलं तर असं दिसतं:

| | विभागवार | प्रसंगवार | कुटुंबवार |
|---|---|---|---|
| न मागितलेला लाभ कळतो का | नाही | हो, पान ताजं असेल तर | नोंद बरोबर असेल तर आपोआप |
| रखडल्यास जबाबदार कोण | स्पष्ट | मुद्दाम राखावं लागतं | बहुधा धूसर |
| चुकीचा परिणाम | एका खात्यापुरता | मर्यादित | सर्वदूर |
| नगरपरिषदेच्या अधिकारात | पूर्ण | स्वतःच्या विभागांपुरतं पूर्ण | नाही |

मग निवडायचं काय

लहान आणि मध्यम नगरपरिषदेने प्रसंगवार जावं, पण मोजक्या प्रसंगांपुरतं आणि आपल्याच इमारतीपासून. मृत्यू, जन्म आणि घराची खरेदी-विक्री हे तीन पुरेत. मृत्यूची नोंद झाली की आरोग्य विभागातून करनिर्धारण आणि पाणीपुरवठा विभागांना सूचना जावी, आणि त्या विभागांनी दाखल्याची प्रत मागणं बंद करावं. यासाठी मंत्रालयाची परवानगी लागत नाही, मुख्याधिकाऱ्यांचा कार्यालयीन आदेश पुरतो. नाव मात्र आपोआप बदलू नये. वारस किती, त्यांच्यात वाद आहे का, हे यंत्राला माहीत नसतं. घरपट्टीची एक चुकीची नोंद भावाभावांना दहा वर्षं न्यायालयात बसवू शकते. सूचना आपोआप जावी, नाव वारसांच्या अर्जावर आणि पडताळणीनंतरच लागावं.

बाहेरच्या खात्यांसाठी माहितीचं पान ठेवा, आणि त्याची जबाबदारी पदासकट एका कर्मचाऱ्यावर टाका. पानावर ‘शेवटची तपासणी’ ही तारीख ठळक दिसू द्या. ती तारीख सहा महिन्यांपूर्वीची दिसली की कुणीतरी सभेत प्रश्न विचारेलच, आणि तेच हवं आहे.

विभागवार यादी काढून टाकू नका. संकेतस्थळ सर्वाधिक वापरणारा माणूस ती बाई नसते, तिच्या वतीने बसलेला आपले सरकार सेवा केंद्राचा चालक असतो. त्याला सेवेचं नाव पाठ असतं, त्याला सरळ यादी आणि शोधाची चौकट हवी. तिला हवी असते ती छापील चिठ्ठी: कुठली कामं उरली, कुठे जायचं, कुठला कागद न्यायचा. म्हणून मृत्यूच्या दाखल्यासोबत निबंधकाच्या टेबलावरच ही चिठ्ठी निघाली पाहिजे, मोठ्या अक्षरात, मराठीत, बाकीच्या सहा-सात कामांसह. संकेतस्थळ उघडून बघण्याच्या मनःस्थितीत त्या आठवड्यात कुणीही नसतं.

दोन जागी माझं मत वेगळं असेल. मोठ्या महानगरपालिकेत माहिती-तंत्रज्ञानाचा स्वतःचा चमू असेल आणि प्रभाग कार्यालयांची दप्तरं एका प्रणालीवर आली असतील, तर शाळाप्रवेश, लग्न, दुकान सुरू करणं असे प्रसंग पहिल्याच वर्षी घेता येतील. आणि जिथे मृत्यूनोंदणीचं रजिस्टर आणि घरपट्टीचं रजिस्टर यांत एकाच माणसाचं नाव तीन प्रकारे लिहिलेलं आहे, तिथे आत्ता कुठलीच नवी मांडणी घेऊ नये. तो पैसा आधी नोंदी जुळवण्यावर घालावा.

निविदेत तीन अटी घाला. प्रसंगातली प्रत्येक सेवा स्वतंत्र अर्ज क्रमांकाने आणि लोकसेवा हक्क कायद्यातल्या मुदतीसह दिसली पाहिजे. नगरपरिषदेने स्वतः दिलेला कुठलाही दाखला नगरपरिषदेच्या दुसऱ्या अर्जात जोडायला लावता कामा नये. आणि शेवटचा हप्ता पूर्ण प्रणालीचं सादरीकरण पाहून देऊ नका. मृत्यूनोंदीपासून घरपट्टीच्या नव्या बिलापर्यंत खरोखर गेलेली शंभर प्रकरणं पाहून द्या.