एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि मिंट, आठ महिने झाले

खानापूरला आमचं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान हाय. कन्नड अर्ज नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधे टाइप करायचे म्हणून विंडोज सोडता येत नाही आणि बाकी सगळ्या कामाला मला लिनक्स मिंट ही विंडोजसारखीच दुसरी फुकट सिस्टिम आवडते, म्हणून जुन्या लॅपटॉपच्या ५१२ जीबी एसएसडीवर दोन्ही घातलंय.

सुरवातीला मी शहाण्यासारखा डायरेक्ट मिंटच्या पेनड्राइव्हवरनं सी ड्राइव्ह कापायला बसलेलो. भावजी म्हणाले, "थांब की, बिटलॉकर चालू हाय काय बघ आधी." बिटलॉकर म्हणजे विंडोजचं ड्राइव्हला लागणारं कुलूप. होतं की चालू! ४८ आकडी रिकव्हरी की वहीत उतरवली, बिटलॉकर बंद केलं, मग विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधनंच सी श्रिंक केला, म्हणजे लहान केला. आधी जेमतेम ३० जीबी द्यायला तयार, कारण हायबरनेट आणि पेजफाइल या विंडोजच्या स्वतःच्या फाइली मधे बसलेल्या, त्या जागच्या हलत नाहीत. दोन्ही तात्पुरत्या बंद करून रिस्टार्ट मारल्यावर १०० जीबी सुटली. मिंट घालताना जुनं ईएफआय पार्टिशनच (डिस्कचा छोटा भाग, लॅपटॉप चालू व्हायच्या फाइली असतात तो) वापरलं, फॉरमॅटची टिक मात्र काढली, ती राहिली असती तर विंडोज चालूच झालं नसतं.

खरा ताप झाला तिसऱ्या महिन्यात. पुतण्यानं विंडोज लवकर चालू व्हावं म्हणून फास्ट स्टार्टअप परत चालू केलं आणि मला सांगितलंच नाही. मिंटमधे डी ड्राइव्ह उघडतोय पण काहीच सेव्ह होईना, आणि समोर गिऱ्हाईक उभं! फास्ट स्टार्टअप असलं की शट डाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतंय, म्हणून लिनक्स त्या ड्राइव्हवर लिहायचं टाळतंय. गंमत म्हणजे रिस्टार्ट केलं तर पूर्ण बंद होतंय. विंडोजमधे जाऊन ते ऑफ केलं, रिस्टार्ट केलं, सुटलं. जोर लावून हायबरनेट फाइल उडवायची कमांड पण असते, पण विंडोजमधे काय उघडं राहिलेलं असलं तर ते जाणार, मी त्या वाटेला गेलो नाही.

घड्याळ साडेपाच तास मागं दाखवायचं विंडोजमधे, ते मिंटमधे एका कमांडनं मिटलं.

निपाणीच्या मावसभावानं मात्र विंडोजमधे बिननावाचं पार्टिशन दिसलं म्हणून रिकामं समजून डिलीट केलं, लिनक्सच होतं ते. दुसऱ्या दिवशी काळी स्क्रीन, त्यावर नुसतं 'ग्रब रेस्क्यू', म्हणजे कुठली सिस्टिम चालू करायची ते विचारणाऱ्या ग्रबला त्याच्या फाइलीच सापडेनात.

माझी चूक एकच, १०० जीबी कमी पडालेत. आता सी परत कापला तर जागा मिंटच्या पार्टिशनच्या आधी सुटणार, म्हणजे ते अख्खं पार्टिशन त्या जागेकडं सरकवायचं, त्याला तासन्‌तास लागतात आणि लॅपटॉपची बॅटरी वीस मिनिटं पण टिकत नाही. खानापूरच्या पावसात लाईटीचा काय भरवसा, दिवाळीनंतर बघू.