स्ट्रॅट घ्यावी की टेली? वीस हजाराच्या आतबाहेरच्या गिटारबद्दल माझं मत

ॲकॉस्टिकवर दोनेक वर्षं काढली, बोटं बसली, आता इलेक्ट्रिक घ्यायचीय आणि बजेट वीस हजाराच्या आतबाहेर, अशा वेळी बहुतेकांचं घोडं फेंडर कंपनीच्या स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर) आणि टेली (टेलिकास्टर) या दोन आकारांपाशी अडतं. मी आधी स्ट्रॅट टाइप घेतली, दीड वर्ष वाजवली, विकली आणि टेली टाइप घेतली, तिला आता चौथं वर्ष चालू आहे. माझ्या गिटारींच्या कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही, कारण मला जे सांगायचंय ते कंपनीबद्दल नाही, आकार आणि ब्रिजबद्दल (गिटारच्या धडावर तारा जिथे बसतात तो भाग) आहे.

दुकानात हातात घेतली की स्ट्रॅटच आवडते, हे आधीच मान्य करतो. फेंडरची टेली आधीची, १९५० च्या सुमाराची, आणि स्ट्रॅट आली १९५४ ला, तोपर्यंत पाटीच्या, म्हणजे धडाच्या, कडा तासायच्या हे त्यांच्या लक्षात आलेलं होतं, त्यामुळे ती पोटाला छान लागून बसते. टेलीची पाटी सपाट, कड उजव्या हाताला रुतते, सलग तासभर वाजवलं तर वळ उठतो. आवाजातही स्ट्रॅटकडे एक गोष्ट आहे जी टेलीतून निघत नाही, ती म्हणजे पिकअप (तारांचं कंपन पकडणारी चुंबकाची कॉइल) निवडायच्या स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या पोझिशनचा तो काचेसारखा किणकिणता टोन. सुरुवातीला स्ट्रॅटला तीनच जागांचा स्विच होता, वाजवणारे तो मध्येच अडकवून हा आवाज काढायचे, पाच जागांचा स्विच कंपनीने १९७७ ला दिला. म्हणजे लोकांनी स्वतः शोधून काढलेला आवाज आहे तो, आणि क्लीन कॉर्ड्स वाजवायचे असतील तर खरंच सुंदर लागतो.

मग विकली का? तर ब्रिजमुळे.

स्ट्रॅटचा ब्रिज तरंगता असतो. पुढून सहा तारा ओढतात (नऊच्या, म्हणजे पातळ तारांच्या, सेटला सगळ्या मिळून ही ओढ चाळीसेक किलोची असते), मागच्या पोकळीतल्या स्प्रिंगा उलट ओढतात, दोघांची बरोबरी झाली की तो मधे थांबतो. ब्रिजला लावलेली दांडी दाबली की सूर हलतो, याला ट्रेमोलो म्हणतात, खरं तर ट्रेमोलो म्हणजे आवाज लहानमोठा होणं, सूर हलवणं म्हणजे व्हायब्रॅटो, पण फेंडरनेच ते नाव दिलं आणि तेच रूढ झालं. आता यातली एक जरी तार सैल केली तरी बरोबरी बिघडते, स्प्रिंगा ब्रिज मागे खेचतात आणि बाकीच्या पाचही तारा चढतात.

मी अभंग, गवळणी, भावगीतं वाजवतो. जाडी तार ई वरून डी ला उतरवली की जाड्या तीन तारा सा प सा होतात, पांढरी दोनचा सा, तानपुऱ्यासारखा आधार मिळतो. स्ट्रॅटवर जाडी उतरवली की बाकीच्या चढायच्या, त्या उतरवल्या की जाडी पुन्हा हललेली असायची, असे तीन-चार फेरे झाल्याशिवाय गिटार सुरात यायची नाही आणि परत स्टँडर्डला आणायचं म्हणजे तेवढेच फेरे उलटे. डोंबिवलीला घरी पोचायला मला नऊ-सव्वानऊ होतात, जेवणखाण उरकून साडेदहानंतर हेडफोन लावून जो पाऊण तास मिळतो तो माझा स्वतःचा, आणि त्यातली दहा-पंधरा मिनिटं कीज पिळण्यात जायची. तेही चालवून घेतलं असतं. पण मींड घ्यायला एक तार खेचली की ब्रिज किंचित पुढे झुकतो आणि मागे वाजत असलेला सा श्रुतीभर उतरतो. नेमकं ज्या जागेसाठी एवढी खटपट करायची तिथेच आधाराचा सूर पायाखालून सरकतो, ते मला सहन होईना.

उपाय आहेत, मी केलेही. तीनच्या पाच स्प्रिंगा घातल्या, मागचे स्क्रू आवळून ब्रिज पाटीला पक्का टेकवला, नटच्या (मानेच्या टोकाला तारा जिथून जातात ती पट्टी) खाचांत पेन्सिलीचं शिसं चोळलं. (हे शेवटचं टेलीवरही करा, सूर उतरण्याचा निम्मा दोष स्वस्त नटमध्ये तार अडकण्याचा असतो, ब्रिजला उगाच बोल लागतो.) बराच फरक पडला. पण मग दांडी काढून कपाटात ठेवली आणि वाटलं, जी गोष्ट बंद करण्यासाठी एवढं केलं ती नसलेलीच गिटार का घेऊ नये?

टेलीचा ब्रिज पाटीवर स्क्रूंनी घट्ट बसवलेला. जाडी उतरवली तर फक्त जाडी उतरते, दहा सेकंदांचं काम. तार तुटली तरी उरलेल्या पाच जागेवर राहतात, गाणं पुरं करता येतं. पावसाळ्यात आमच्याकडे तारा लवकर गंजतात, बदलाव्या लागतात, तेव्हा हे फार जाणवतं.

खोटी भलामण करत नाही, टेलीचा ब्रिज पिकअप हेडफोनमध्ये कानाला टोचतो, टोनचा नॉब निम्म्यापर्यंत उतरवावा लागतो. वरच्या बाजूला खाच नसल्यामुळे पंधरा-सोळाव्या फ्रेटच्या पुढे हात अडतो. मी बराचसा नेक पिकअपवरच असतो, तो गोल आणि गायकी अंगाला बरा वाटतो. ट्यूबलाइटजवळची घरघर दोन्हीत आहे, सिंगल कॉइल (एकाच कॉइलचा) पिकअप म्हटल्यावर ती येणारच, त्यावरून निवड करू नका.

तुम्हाला दांडी खरंच वापरायची असेल, सूर लाटेसारखा हलवायची हौस असेल, तर स्ट्रॅटला पर्याय नाही, बिनधास्त घ्या. आकार स्ट्रॅटचा पण ब्रिज पक्का असंही मिळतं, त्याला हार्डटेल म्हणतात, फेंडरच्याच स्वस्तातल्या स्क्वायर ब्रँडच्या सोनिक सिरीजमध्ये एचटी नावाचं मॉडेल आहे, दुकानात नसेल तर मागवायला सांगा. माझ्यापुरतं विचाराल तर पुन्हाही टेलीच घेईन.

धोबीतलावला म्हणा किंवा तुमच्या गावातल्या दुकानात, दोन्ही हातात घ्या आणि एवढंच करा. चौथी तार, म्हणजे डी, मोकळी छेडा, ती वाजत असतानाच तिसरी तार सातव्या फ्रेटवर पूर्ण एक सूर खेचा, आणि खेचलेल्या तारेकडे लक्ष न देता मोकळी तार ऐका.