पीएम २.५ चा उगम: उत्सर्जनाची यादी की फिल्टरची तपासणी?

शहराच्या हवेतले सूक्ष्म धूलिकण (पीएम २.५, म्हणजे २.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक) कुठून येतात, हे शोधायच्या दोन वाटा आहेत. एक उगमापासून निघते: वाहनं किती, इंधन किती, भट्ट्या किती याची यादी करायची, उत्सर्जन गुणांकाने (एका वाहनामागे किंवा किलो इंधनामागे किती प्रदूषण, तो आकडा) गुणायचं आणि हवामानाच्या मॉडेलमध्ये घालायचं. दुसरी उलट्या टोकाने: हवेतले कण फिल्टरवर धरायचे आणि त्यांच्या रसायनावरून उगम ओळखायचा.

‘अमुक वाहनं बंद केली तर किती फरक पडेल?’ याचं उत्तर यादीवाल्या वाटेनेच मिळतं. पण नोंद नाही तो उगम तिच्या लेखी अस्तित्वातच नाही, आणि कचरा जाळणारा काही नोंद करायला जात नाही. रस्त्यावरच्या धुळीचा आकडा तर गुणांक बदलला की कितीतरी पटींनी हलतो. शिवाय टनांतला वाटा म्हणजे श्वासातला वाटा नव्हे. उंच चिमणीचा धूर दूर जातो, सायलेन्सरचा नाकाशीच राहतो.

फिल्टर सहसा थापा मारत नाही. लेव्होग्लुकोसन सापडलं की लाकूड, पालापाचोळा जळलाय. व्हॅनेडियम-निकेलची जोडी जड इंधन तेलाकडे बोट दाखवते, सिलिकॉन-ॲल्युमिनियम मातीकडे. मात्र कार्बन मोजायला क्वार्ट्झचा फिल्टर लागतो, आणि क्वार्ट्झ म्हणजे मुळात सिलिकाच, म्हणून मातीतलं सिलिकॉन त्यावर मोजता येत नाही. त्यासाठी शेजारी टेफ्लॉनचा फिल्टर हवा. असा अभ्यास करून घेणार असाल आणि संस्थेच्या कोटेशनमध्ये फिल्टरचा एकच प्रकार दिसला, तर तिथेच विचारा.

पुढे, फिल्टरवरच्या मोजमापातून प्रत्येक उगमाचा वाटा काढायच्या गणिताचे दोन प्रकार. सीएमबीला (केमिकल मास बॅलन्स) प्रत्येक उगमाची रासायनिक ओळख आधी द्यावी लागते. ती दुसऱ्या देशातून उसनी आणली तर निकालही उसनाच. १९९४ साली मांडलेल्या पीएमएफला (पॉझिटिव्ह मॅट्रिक्स फॅक्टरायझेशन; नमुन्यांत एकत्र कमीजास्त होणाऱ्या रसायनांचे गट पाडणारी पद्धत) ती लागत नाही, पण नमुने शंभराच्या आसपास तरी हवेत, आणि निघालेल्या गटांना नावं माणूसच देतो. वाद तिथेच होतात.

दोन्ही प्रकार अडतात ते सल्फेट-नायट्रेटपाशी. हे कण हवेतच, वायूंपासून तयार होतात, कधी शेकडो किलोमीटर दूर. तिथे यादी आणि रासायनिक वहन मॉडेलच (वायू वाऱ्यासोबत कुठे जातात आणि वाटेत कशात बदलतात, हे मांडणारं) लागतं.

पैसे एकाच कामापुरते असतील तर मी आधी फिल्टर निवडेन, सगळ्या ऋतूंत. हातात मोजमाप असलं की यादीतली भोकं दिसतात. उपाय ठरलेत आणि फक्त क्रम लावायचाय, तर यादी पुरे. अहवालात ‘वाहने २३.४ टक्के’ असं लिहून अनिश्चिततेचा पल्ला दिला नसेल, तर बिल मंजूर करण्याआधी तो मागून घ्या.